प्रकल्प झाला नाही तर

अलाओत्रा तळ्याच्या वरच्या अंगाला
डोंगर लाल, उभा फाटलेला.
भाताच्या पोत्यावर लॅपटॉप ठेवून
मी दोन रकाने भरतो:
प्रकल्प झाला तर. झाला नाही तर.

पहिल्यात झाडं, वीस वर्षं, हेक्टरी टन.
दुसऱ्यात दरसाल वणवा.

बाकोली वाकून बघते.
‘हा वणवा लावतं कोण?’
गृहीत आहे, मी म्हणतो.
‘गृहीत म्हणजे मीच ना?’

खरंय. ती जितकं जाळेल
तितका माझा प्रकल्प गुणाचा.

बैलांना पाणी दाखवायला निघताना ती म्हणते,
‘बापानं लावला होता एकदा, गवतासाठी.
मग रात्रभर ओल्या पोत्यांनी झोडपत होता आग.
ते कुठल्या रकान्यात?’

वणव्याचा आकडा मी निम्म्यावर आणतो.
प्रकल्प जागच्या जागी लंगडतो.