लिलाव

कापणीच्या सणाला आमच्या मंडळीत
वेदीपुढे ढीग लागतो:
तुरीच्या शेंगा, ज्वारीची कणसं, संत्री,
आणि एक तरी कोंबडी, पाय बांधलेली,
उपदेशात मध्येच बोलणारी.

बाप्तिस्म्याच्या पहिल्याच वर्षी मी
शलमोन खंडारेच्या बोलीवर बोली चढवत
तबिताबाईचं कोहळं सातशेला घेतलं.
टाळ्या झाल्या.
वाटलं, वर लिहून घेतलं असेल.

तबिताबाई दारात एवढंच म्हणाली,
"भाजी तं करून खाय बाप्पा, नाई तं सडते."
होळीपर्यंत सडलंच ते.

मग चौदा वर्षं.
सतरंज्या झटकल्या,
प्रभुभोजनाचे पेले घासले,
शलमोनच्या आईच्या पेटीला खांदा दिला
तेव्हाही धुऱ्याच्या भांडणाबद्दल बोललो नाही.
दोन उन्हाळ्यांनी बोललो. माफी मागितली.
त्यानं चहा टाकायला सांगितला, बस.

यंदा कोहळं तबिताबाईच्या सुनेनं आणलं.
शलमोनच्या नातीनं मुठीतली
दहाची नोट वर धरली.
दिग्रसहून आलेल्या पाळकांनी विचारलं,
"आणखी कोणी?"

कोंबडी तेवढी बोलली.
माझा हात मांडीखाली होता.
अजून दाबून धरावा लागतो.