नववी मात्रा

बासमानेच्या तळघरात पहाटेचे तीन.
पडद्यावर दावुलचे एकशे चौदा तुकडे,
सगळ्यांना नावं दिलीत मी:
दुम जड, दुम ओला, काडी कोरडी,
आणि एक नुसताच ‘चुकलेला’.

नेझिर उस्तांनी जूनमध्ये वाजवून दिले,
कातडं आधी शेगडीवर शेकून.
उजव्या हातात सोटा, डाव्यात बोटभर काडी.
पैसे दोनदा मोजले, म्हणाले,
“नऊ आहेत, पोरी. शेवटची लंगडी.
तिला सरळ करू नकोस.”

मी केली. एका बटणात.
नऊच्या नऊ कवायतीला उभ्या,
आणि पाय कुणाचाच हलेना.

मग माउसने मागे ओढत गेले,
केसभर, आणखी केसभर,
तेव्हा कुठे ती आली,
उंबऱ्यात जराशी थबकून.

आवाज वाढवला.
वर चपला वाजल्या. जिना. दार.
मुकद्देस हानम, खांद्यावर शाल,
ताटलीत ऑलिव्ह, चीज, कालचा पाव.
“सहूरची वेळ झाली ना? दावुल ऐकला.”

नोव्हेंबर होता.
सांगणारच होते, पण तिने
स्पीकरला कान लावला.
“हा बेर्गामाचा. आमच्या गल्लीत यायचा.
काडी उशिरा पडते बघ,
दम लागतो त्याला.”

लूप चालूच ठेवला.
दोघींनी खाल्लं, बोटं चाटली.
तळघराला खिडकी नाही;
तिने घड्याळ पाहिलं,
शेवटचा घोट पाणी प्याली,
ग्लास पालथा घातला.

रोजा धरलास का,
हे मी विचारलं नाही.