पोटखराबा

मौजे तिवरघोळ, तालुका राजापूर,
सड्यावरचा गट नंबर एकशे सात.
पिकाच्या रकान्यात साठ वर्षं एकच शब्द: पोटखराबा.
सहहिस्सेदार त्रेचाळीस;
एकोणचाळीस कुठल्या ना कुठल्या उपनगरात,
दोघं मयत, वारसनोंद बाकी,
उरलेले दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.
तिथे कार्तिकातल्या एका पहाटे धोंडा पडला,
ठकू झोरेच्या गवताच्या उडवीत.

म्हैस दावं तोडून वहाळापर्यंत पळाली.
आवाज खाडीतल्या होड्यांवर ऐकू गेला म्हणतात.
मी झोपलो होतो, तेही लिहून ठेवतो.

गरम होता का, विचारलं.
"गार व्हता, भाऊ. आंघोळ करून आल्यागत."
काळा, सोललेल्या नारळाएवढा,
उचलावा तर जांभ्याच्या दुप्पट जड.
तिने तो धुतला, दुधाच्या टोपावर ठेवला,
मांजराने झाकण पाडू नये म्हणून.
अकरा दिवस तो तिथे कामाला होता.

बाराव्या दिवशी पांढऱ्या गाडीतून एक माणूस आला,
खिशात लोहचुंबक.
ते धोंड्याला चिकटलं
आणि त्याने उगाच दुधाचा भाव विचारला.
मग ग्रॅमवर बोलू लागला.
ठकू म्हणाली, "तलाट्याला इचारते."
तिथून हे माझ्या टेबलावर आलं.

मी नियम काढले.
गौण खनिज म्हणावं, तर स्वामित्वधन ब्रासवर,
आणि याचा ब्रास भरायला आभाळ रिकामं करावं लागेल.
निखात निधी म्हणावं, अठराशे अठ्ठ्याहत्तरचा कायदा,
दहा रुपयांवरचा, मातीत दडलेला ऐवज,
तर हा कुठे दडला होता?
सगळ्या वाडीला उठवून आला.
प्रांतसाहेब फोनवर म्हणाले, जप्त करा.
कुठल्या कलमाखाली, साहेब?
फोन ठेवल्याचा आवाज.

पंचनाम्याला चतुःसीमा लागते.
पूर्वेस चिरेखाण. पश्चिमेस समुद्र.
उत्तरेस वहाळ.
दक्षिणेस त्याच त्रेचाळिसांचा दुसरा गट.
वस्तू कुठून आली, या ओळीवर पेन अडलं.
"वरून" लिहिलं.
चार पंचांनी अंगठे दिले, एकाने सही.

नागपूरहून डॉ. गजभिये आल्या,
दोन रात्री, तीन एसट्या; गाडी मंजूर नव्हती.
उल्का शोधायला लेखाशीर्षच नाही, म्हणाल्या,
"इतर खर्च"मधून साडेचार हजार, पावत्यांसह.
पण धोंडा ओंजळीत घेताना
बाईंचं बोलणं मध्येच थांबलं.
हा सडा, हा समुद्र, सगळ्याच्या आधीचा आहे हा.
"मंग लई म्हातारा," ठकू म्हणाली,
"यष्टीत खिडकीजवळ ठेवू नका."

शोधणाऱ्याला काय मिळतं?
मी तिच्यासमोरच विचारलं.
प्रशस्तिपत्रक. छपाईला निधी आला की.

ठकूने पदराने टोप पुसला.
"मागल्या साली इजेनं माजी रेडी मारली,
तिचं पैसं दिलंत तुमी.
ईज वरनं आली. ह्यो बी वरनंच.
मंग?"

मंग काय.
विजेने मेलेल्याचा दर ठरलेला आहे,
रेडीचा वेगळा, माणसाचा वेगळा.
हा कुणालाच न मारता आला,
तिथेच त्याची फाईल अडली.
बाईंनी पर्समधून पाचशे काढले.
ठकूने घेतले नाहीत, वर ताक दिलं.
त्याची पावती नाही.

काल एक अर्ज आला.
शाळकरी अक्षर, खाली निळा अंगठा:
सरकारने नेलेला धोंडा
अगर तेवढ्याच वजनाचा दुसरा मिळावा,
जांभा हलका पडतो,
मांजर रोज झाकण पाडतं.

आवक क्रमांक दोनशे एकोणीस.
विषयाचा रकाना अजून कोरा आहे.