अळणी

तेलावीच्या खालच्या अंगाला, जिथं रस्ता
द्राक्षमळ्यांत शिरतो आणि परत दिसत नाही,
तिथं माझी चूल आहे.
चाळीस वर्षं या बोटांना लसणाचा वास आहे.
अक्रोड वाटल्याशिवाय मला पाहुणा जेवू घालता येत नाही,
कांदा परतल्याशिवाय माझी दुपार सुरू होत नाही,
आणि द्राक्षं तर दारातच, मांडवभर,
हात वर केला की घास.

पहिला कुत्रा त्यानंच गेला.
म्हणजे माझ्या हातानं.
वेचणीचा दिवस होता, सगळे दमलेले, हसरे,
मी ओंजळभर मणी त्याच्यापुढे टाकले,
वर चुर्चखेलाचा उरलेला तुकडा:
घे रे, तुझाही सण आहे.
रात्रभर ओकला. तिसऱ्या दिवशी लघवी बंद झाली.
सिग्नाघीहून ख्विचा डॉक्टर आला,
विचारलं, काय खाल्लं यानं?
मी अभिमानानं सांगितलं.
त्यानं टोपी काढली.

आता बोम्बोरा आहे, आणि राखेच्या रंगाची नात्सारा,
आणि निळ्या दांड्याचं एक वेगळं पातेलं,
ज्यात घरातलं दुसरं काही शिजत नाही.
कोंबडी शिजली की मी बोटांनी चाचपत बसते,
एकेक हाड शोधून बाहेर:
शिजलेलं हाड काचेसारखं फुटतं, आतून कापतं.
मग भोपळा. मूठभर तांदूळ.
यकृत करंगळीएवढं,
"लाड म्हणून नाही, औषध म्हणून मोज," ख्विचा म्हणाला होता.
अंड्याची टरफलं भाजून कुटते, पिठाइतकी मऊ,
अक्रोडाच्याच खलात,
पण खल आधी तीनदा धुते,
आणि शाल्वा ओसरीवरून ओरडतो,
"अगं, बाप्तिस्मा देतेस का त्याला?"

नात्सारा भाताकडं बघतही नाही.
मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे,
हे मला साठीत कळलं.
तिला कोंबडीची हृदयं लागतात, बारीक चिरून,
वर डॉक्टरनं वजन करून दिलेली पांढरी पूड.
तिचं नाव माझ्या तोंडात बसत नाही,
पण पुडीवर मी पेन्सिलनं लिहिलंय:
डोळ्यांसाठी. छातीसाठी.

सगळ्यात अवघड काय, सांगू?
हात.
तो आपला आपण लसणाच्या माळेकडं जातो,
उकळी आली की मिठाच्या बरणीकडं जातो,
त्याला वाटतं, इतकं पांचट कुणाला वाढायचं,
काय म्हणतील आपल्याला.
मी त्याला मनगटाशी धरून परत आणते,
जत्रेत चुकणाऱ्या पोराला आणावं तसं.

परवा रात्री उजेड दिसला म्हणून उठले,
तर शाल्वा पातेल्यापाशी, चमचा तोंडात.
(त्याचं मीठ गेल्या वर्षापासून बंद आहे,
रक्तदाब. माझ्या हातचं जेवतो आणि
बघतो माझ्याकडं, जणू मी त्याला टाकलंय.)
"वाईट नाही," म्हणाला.
"कुत्र्याला इतकं निवडून, मोजून,
मग माझ्याच ताटात रुसवा का?"
मला उत्तर सुचलं नाही. मी दुसरा चमचा घेतला.

म्हणतात, कुत्रं खाल्ल्या मिठाला जागतं.
मी तर चिमूटही घातलं नाही,
तरी हा बोम्बोरा रोज फाटकापाशी
माझ्या पावलांसाठी कान टवकारून बसतो.
कशाला जागतो हा?
न घातलेल्या कशाला तरी.

आता पुन्हा वेचणी आलीय.
पहाटे, दार उघडण्याआधी,
कंदील घेऊन मी मांडवाखाली वाकते,
गळालेले मणी एकेक उचलून बादलीत टाकते.
कंबर बोलते. आत तो दार ओरबाडतो,
कुंई कुंई करतो, म्हणतो, झालं का.

थांब रे.
अजून दोन वेलींखालचं राहिलंय.