गच्चीवर दोन बोटी

भूजल खात्यातून निवृत्त झाले, तेव्हा
टेप परत केला नाही.
तीस मीटरचा, टोकाला पितळी वजन,
अडतीस वर्षं विहिरींत सोडलेला.
पाणी कुठे आहे ते सांगायचा,
आणि ते दरवर्षी जरा खालीच असायचं.

आज तो गच्चीवर आडवा टाकलाय.

मे महिना. त्रिमूर्तीनगर. सात वाजलेत,
कोबा अजून तळव्यांना चटका देतो.
पांढऱ्या खडूने आधी टिटवी काढली:
सव्वीस फूट, गोव्याच्या गोदीत
दोन पावसाळे टेकूंवर उभी,
शिडं विरलेली,
इंजिनाबद्दल मालक फक्त खोकतो.

मग निळ्या खडूने मार्गारिटा.
चौतीस फूट, कोचीची,
कुणा म्हाताऱ्या डॅनिश जोडप्याची.
दोन शेगड्या, संडासाला दार,
आत ताठ उभं राहता येतं म्हणे.
आमची गच्ची तीस फूट.
चार फूट नाळ कठड्यापलीकडे जाते,
थेट बोकडेंच्या लिंबावर.
बोकडे खालून विचारतात,
"ताई, कायचं मोजून राहिल्या?"
मी म्हणते, "अतिक्रमण."

फोटो दोन्हींचे आहेत, पन्नास-पन्नास.
फोटोत ओल दिसत नाही.
बोट माठासारखी घ्यायची असते,
टिचकी मारून, कान लावून;
भद्द वाजलं की पुढचा माठ.
पण माझी टिचकी
इथून हजार किलोमीटर कशी पोचणार?

अठराव्या वर्षी अंबाझरीवर
नेव्हल एनसीसीत मुलींना शेवटची होडी मिळायची,
ठिगळांच्या शिडाची.
ती मी एकटीने वाऱ्यात वळवून आणली होती.
तलावाची एकच गोष्ट खटकायची,
पलीकडचा काठ सारखा दिसायचा.

टिटवीचं शीड मी अजून ओढीन,
उजवा खांदा कुरकुरला तरी.
मार्गारिटाला माणसं दोन लागतात.
लहानीत मोडायला थोडंच असतं;
मोठीत जे मोडेल ते बाहेरून मागवावं लागेल.
लहानी लाटेवर पाखडून काढील,
मोठी झोपू देईल.
ग्रॅच्युइटीत लहानी बसते.
मोठीत ग्रॅच्युइटी बसते, आणि शिवाय
काटोल रोडचा प्लॉट.

हे चहा घेऊन आले
ते सरळ मार्गारिटाच्या कुशीतून, पाटा फोडून.
"दारातून या," मी म्हटलं.
हे मागे गेले. वळसा घातला.
दाखवलेल्या जागी मान वाकवून
दोन पायऱ्या उतरले,
सपाट कोब्यावर, हातात कपबशा.

यांना पोहता येत नाही.
अंबाझरीच्या बांधावरसुद्धा
भेळ खाताना पाण्याकडे पाठ करतात.
तरी टिटवीत जाऊन आडवे झाले,
सहा फूट एक इंच,
आयुष्यभर एसटीच्या सीटशी भांडलेला देह.
गुडघ्यांखालचे पाय रेघेबाहेर.
"अन् माहे पाय, रजनी? ते पाण्यात का?"

मी उत्तर दिलं नाही. वहीत लिहिलं:
टिटवी, झोपायची जागा, साडेचार फूट.

रात्री गच्चीवरच गाद्या टाकल्या.
मध्येच कूलरची टाकी भरून वाहिली,
ओघळ उताराने गेला
आणि मार्गारिटाची अख्खी पिछाडी घेऊन गेला.
निळं पाणी मोरीच्या जाळीत.
मला वाटलं होतं, हलकं वाटेल.

हे झोपलेले, तिथेच, लहानीत,
घोट्यांवर डास.
मी उठले, उरलेला खडू शोधला
आणि त्यांच्या टाचांच्या पलीकडून
रेघ फिरवून घेतली,
दीड फूट, जरा जास्तच.

बोट अशी कुणी वाढवत नाही.
कणा असतो, डोलकाठीचा तोल असतो,
सकाळी गोव्याला फोन करताना
मालकाला मी सव्वीसच सांगेन.