दम

ओरुरो. पहाटेचे तीन. बाहेर उणे सहा.
आत चार नंबरच्या खाटेवर एलेउतेरिओ कोंदोरी,
सत्तावीस वर्षं कथलाच्या खाणीत, ड्रिलच्या मागे.
फुप्फुसं आता वाळल्या कातड्यासारखी,
हवा भरावी तर उलट ढकलतात.

मी टेपनं त्याची उंची मोजली, टाचेपासून टाळूपर्यंत.
वजन नको होतं मला. माणूस सुटतो,
फुप्फुसं सुटत नाहीत.
एकशे बावन्न सेंटिमीटर,
म्हणजे दर श्वासाला तीनशे मिलिलीटर.
एवढ्यावर भागव म्हणतो आम्ही माणसाला,
जास्त दिलं तर फाटेल म्हणून.

दाब चौतीस. तीसच्या आत हवा.
ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी. पुस्तक म्हणतं, कमी आहे.
पुस्तक समुद्रकाठी लिहिलेलं.
इथं सदतीसशे मीटरवर
बटाटे विकणारी बाईसुद्धा नव्वदवर बाजार करते.

आणि अलार्म. दर चौथ्या-पाचव्या श्वासाला
एकावर दुसरा चढतो,
तीनशेचे सहाशे होतात, छाती हिसका खाते.
लिम्बेर नोंदवहीत लिहून गेलाय:
रुग्ण यंत्राशी भांडतो. झोपेचं औषध वाढवावं.

सिरिंज भरलेली होती. जोडली नाही.
स्टूल ओढलं, हात ठेवला त्याच्या बरगड्यांवर
आणि डोळे पडद्यावरून काढले.

यंत्र त्याला दम देत होतं,
दोन्ही अर्थांनी.
तो अजून ओढतोय, तोवर हे म्हणतं: झालं, सोड.
मग तो पुन्हा मागतो.
याला आम्ही भांडण म्हणत होतो.

सात दशांश सेकंद होते. आठ केले.
थांबले. नऊ.
एक अलार्म झाला.
मग बराच वेळ झाला नाही.
मला माझाच श्वास ऐकू आला, तोंडावरच्या मास्कमध्ये.

दाब एकतीस. अजूनही तीसच्या आत नाही.

सकाळी सातुर्निना काचेपाशी आली,
गालात कोकाची पानं, रात्र बाकावर काढलेली.
"बरा आहे?"
"नाही. पण आता यंत्राशी भांडत नाही."
"तो?" तिनं घोळदार घागरा झटकला.
"घरात कधी उलट बोलला नाही,
लोखंडाशी कशाला भांडेल?"

मी नोंदवही उघडली. लिम्बेरची ओळ खोडली नाही,
खाली फक्त आकडे लिहिले आणि वेळ.
दहा वाजता पालथा करायचाय.
नळ्या सांभाळून वळवायला पाच जण लागतात.
चार आहोत.
लिम्बेरला झोपेतून उठवते.