आवडूबाईचा उंबरठा

केपेला टायरच्या दुकानामागे माझी खोली,
भिंतींना अंड्यांचे ट्रे, दाराला जुनी गोधडी.
खनिजाचे ट्रक रस्त्याने गेले
की आधी सुईवर दिसतात, मग कानाला येतात.

समोर दोन आवाज.
शाबा गावकराचं घुमट,
मातीच्या पोटात हवा कोंडून धरणारं,
मागचं तोंड डाव्या तळव्याने झाकत, उघडत.
आणि आवडू वेळीप.
वय विचारलं तर म्हणाली,
पोर्तुगीज गेले त्या दिवशी मी शेळ्या राखत होते.
ओव्यांना घुमट नसतं
हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.
निर्मात्याला हवं होतं.

घुमट सारखं लालात जायचं.
आवडूबाई हिरव्याच्या तळाशी,
विहिरीच्या शेवटच्या पायरीवर असावी तशी.
वाढवावं तिला, तर तेही वाढे.
त्याला उतरवावं, तर गाण्याचा कणाच उतरे.

मग कॉम्प्रेसर लावला.
त्याला एक उंबरठा असतो.
खालून वावरणाऱ्याला तो काही विचारत नाही,
वर डोकं काढलं की वाकवतो.
चारास एक. चार पावलं चढलास
तर एकच मोजीन.
आमच्या भाटकाराचा नारळांचा हिशेब
याहून फार वेगळा नव्हता.

पकड दहा मिलिसेकंद उशिरा ठेवली,
म्हणजे थापेचं पहिलं बोट निसटून जातं,
कातड्यावरचं ते कोरडं टक् जगतं
आणि मागचा घुमारा तेवढा दबतो.
सोडताना घाई केली तर गाणं धापा टाकतं,
फार रेंगाळलं तर पुढच्या ओळीचा
गळा आधीच धरलेला.
मधलं काहीतरी असतं.
ते मला रात्री साडेअकराला सापडलं, चहा निवल्यावर.

मग आवडूबाई. तिला मी जास्तच दाबलं
आणि उरलेलं सगळं वर उचललं.
ओहोटी लागली की खाडीत
काय काय दिसायला लागतं,
कुणाची चप्पल, फुटकी कौलं, होडीची फासळी,
तसं तिचं घर वर आलं.
काकणं. चुलीतलं ओलं लाकूड.
फ्रिजची गुरगुर. एक कोंबडी, जिला गाणं पसंत नव्हतं.
आणि दुसऱ्या ओवीनंतर,
शाबाची थाप पडायच्या आत,
तिचा न गायलेला आवाज :
"सवकास मार रे. भुरगें न्हिदलां."

तीनदा ऐकलं.

पोर निजलं होतं. आतल्या खोलीत,
बहुधा साडीच्या पाळण्यात.
आणि महिनाभर मी धरून चालले होते
की बाईचा दम गेलाय,
की माइक लांब राहिला, माझीच चूक.
ती तर नुसती
एका दाराच्या मापाने गात होती.

सगळं बंद करून मूळ ध्वनी लावला.
आता कळलं, त्यानंतर शाबाही
तळवा उचलून नुसत्या बोटांनी वाजवत होता.
मघाशी मीच त्याला
पुन्हा अंगणात नेऊन उभा केला होता.

उंबरठा इतका वर नेला
की त्याला क्वचितच कुणी अडखळावं.
चाराचं दीड केलं.
बाकीचं फेडरवर, बोटाने, ओवीमागून ओवी,
चुकत, मागे जात.
पहाटे पाववाल्याचा भोंगा वाजला
तेव्हा शेवटची ओवी राहिली होती.
कोंबडी ठेवली.
ते वाक्यही ठेवलं, होतं तिथे, होतं तेवढं.

निर्मात्याचा फोन दुपारी आला, मडगावहून.
मधेच आवाज पडतो म्हणाला.
गाडीत तर बाई ऐकूच येत नाही,
लोक पुढचं गाणं लावतील.
मी म्हटलं, काच वर कर.
काच वर गेल्याचा आवाज आला,
मग बराच वेळ काहीच नाही.

बिलातून त्याने पाचशे कापले.